रजिस्टरप्रमाणे वेळेवर

नागपुरात दिघोरीहून धंतोलीला पोचायला किती वेळ लागतो, असं कोणी विचारलं की मी हल्ली उठून आत जातो आणि पाणी पितो. एप्रिल महिन्यात माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. लेखी होतं, निळ्या शाईत होतं, खाली माझी सही होती. त्या उत्तराने पुढे काय केलं ते सांगतो. यातला निम्मा भाग तुम्हाला थाप वाटेल. तेवढा खरा आहे. उरलेल्याबद्दल माझी बायको वच्छला सांगेल. तिला आता पुष्कळ दिसायला लागलं आहे.

तर वच्छलेचा डावा डोळा. पडद्याला सूज आली होती आणि त्यात इंजेक्शन द्यायचं होतं. ते देणारे डॉक्टर धंतोलीतल्या दवाखान्यात महिन्यातून एकदा, पहिल्या गुरुवारी बसत. आम्हाला वेळ मिळाली अकरा दहाची. अकरा नाही, सव्वा अकरा नाही, अकरा दहा. सारा विदर्भ धंतोलीत डोळे, गुडघे आणि हृदय घेऊन येतो, बसायला जागा नाही. म्हणून दाराशी उभा असलेला वॉचमन पंधरा मिनिटांपेक्षा आधी कोणाला आत सोडत नाही. बाहेर सावलीचं झाड सोडा, सावलीचा खांबसुद्धा नाही. आणि अकरा दहा टळली की कॉम्प्युटर आपणहून 'गैरहजर' लिहितो आणि पुढच्या महिन्याचा गुरुवार देतो. म्हणजे दहा पंचावन्न ते अकरा दहा एवढीच फट. त्या फटीतून वच्छलेला आत सरकवायचं होतं.

मार्चमध्ये आम्ही साडेदहाला निघालो आणि अकरा अठ्ठावीसला पोचलो. एप्रिलमध्ये दहाला निघालो. वाटेत एक वरात आणि एक पाण्याचा टँकर एकाच वळणावर एकमेकांना 'आधी तुम्ही' करत होते. पोचलो अकरा एकतीसला. दोन्ही वेळा काउंटरवर पायल नावाची मुलगी होती. दोन्ही वेळा ती म्हणाली, "काकाजी, सिस्टीममध्ये गैरहजर आले." दुसऱ्या वेळी आतून एक शिकाऊ डॉक्टरीण बाहेर आली, तिने फाइल चाळली आणि हळू आवाजात सांगितलं, "मे महिन्यात इंजेक्शन झालंच पाहिजे. त्यानंतर गेलेली नजर परत येईल असं सांगता येणार नाही."

घरी आल्यावर वच्छला म्हणाली, "मले बाकी काही नको जी. फक्त पेपर माह्या डोळ्यानं वाचता आला पाहिजे. तुमच्या तोंडचा पेपर ऐकते आन् वरच्या यमुताईले सांगते, तर ते बाई हसते मले."

याचा खुलासा करायला हवा. चाळीस वर्षं वच्छला पेपर पहिल्या ओळीपासून निविदांपर्यंत वाचत आली. डोळा मंदावल्यापासून मी वाचून दाखवतो. माझ्या वाचनात बातमी थोडी फुलते. बिबट्या गोरेवाड्याच्या जंगलाकडे दिसला एवढंच छापलेलं असतं. मी वाचतो तेव्हा तो बर्डीच्या बसमध्ये चढून खिडकीपाशी बसतो. वाईट हेतू नसतो. बातमी फार सुकी असली की घशाखाली उतरत नाही.

वच्छलेकडे उपाय तयार होता. "बुधवारीच गोपिकाकडे जाऊ. रामदासपेठेतून धंतोली पायी पायी जाता येते."

गोपिका तिची मावसबहीण. पंधरा वर्षांपूर्वी एका साखरपुड्यात, पंगत बसलेली असताना, ही बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, "भाऊजीच्या स्टँडवरून वरात निघाली असती, तर नवरदेव पोचेपर्यंत नवरीचे केस पिकले असते." सगळी पंगत हसली. वाढपी हसला. तेव्हापासून मी तिच्याकडचा चहा घेतलेला नाही.

कारण मी चौतीस वर्षं बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. कोणत्या, ते सांगत नाही. स्टँडची त्यात काही चूक नव्हती. माझ्या टेबलावर एक रजिस्टर असे. त्यात दोन रकाने: बस सुटण्याची ठरलेली वेळ आणि बस प्रत्यक्ष सुटल्याची वेळ. सकाळच्या पहिल्या चहाबरोबर मी दोन्ही रकाने रात्रीपर्यंतचे भरून मोकळा होई. दिवसभर गर्दी असते, माणूस घाईत चुकतो. शांतपणे आधीच लिहिलेलं बरं. माझ्या रजिस्टरात बस कधी बंद पडली नाही. ज्या बसचा ड्रायव्हर स्वतःच्या लग्नात बोहल्यावर उभा होता, ती बससुद्धा वेळेवर सुटली.

चौतीस वर्षांत एकच तक्रार आली. एका कॉलेजच्या मुलीने तक्रारवहीत पानभर लिहिलं होतं, की सकाळची साडेसहाची बस आलीच नाही, नागपूरला परीक्षेचा पेपर होता, वर्ष गेलं. मी सुवाच्य अक्षरात खाली उत्तर लिहिलं: "रजिस्टर तपासले. रजिस्टरप्रमाणे सदर बस वेळेवर सुटलेली आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे." अक्षराबद्दल साहेबांनी शाबासकी दिली होती.

आता असा माणूस, आणि त्याने डोळ्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचता यावं म्हणून गोपिकाच्या घरी मुक्कामाला जायचं! मी म्हणालो, "वच्छला, वेळ मी काढतो. शास्त्रशुद्ध."

ठरवलं असं, की दोन आठवडे रोज सकाळी दिघोरी ते धंतोली जायचं आणि लागलेली मिनिटं वहीत लिहायची. सरासरी मला नको होती. एक दिवस पंचवीस आणि एक दिवस नव्वद मिनिटं लागली, तर सरासरी धरून निघालेल्याला एक दिवस वॉचमन उन्हात उभा करतो आणि एक दिवस कॉम्प्युटर गैरहजर लिहितो. मला खात्री हवी होती.

आमच्या गल्लीतला बळीराम ऑटो चालवतो. गालात तंबाखूचा खर्रा धरून त्याने माझी योजना ऐकून घेतली. "काकाजी, वेळ काय रस्त्याले राहते? वेळ सिग्नलले राहते, टँकरले राहते, मंधात बसलेल्या गाईले राहते. रस्ता बिचारा जागच्या जागी पडून राहते."

"बळीराम, तू चालव. मी लिहितो."

पहिल्या दिवशी एकतीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी सदुसष्ट. तिसऱ्या दिवशी सव्वीस. चौथ्या दिवशी चौऱ्याऐंशी, त्यातली वीस मिनिटं आमच्यापुढे एका ट्रकमधून सोफा उतरवत होते आणि तो कोणाच्या दारातून आत जाईल यावर रस्त्यातच चर्चा चालली होती. पाचव्या दिवशी पारा त्रेचाळीसवर गेला. ऊन लागू नये म्हणून खिशात दोन कांदे ठेवून निघालो, तरी सक्करदऱ्यापर्यंत कांदेच शिजतील असं वाटायला लागलं. चौकात कडुनिंबाखाली प्रेमानंदची चहाची टपरी आहे. तिथे उतरलो आणि बळीरामला म्हणालो, "तू जाऊन ये, मला सांग."

बळीरामला मधेच उमरेडची सवारी मिळाली. तो आलाच नाही.

प्रेमानंद कप विसळत म्हणाला, "काकाजी, आजचे किती झाले मंग?"

मी वही उघडली. पुढे जे झालं ते मी केलं असं म्हणता येणार नाही, हाताने केलं. चौतीस वर्षांची सवय मनगटात असते. हाताने लिहिलं: बेचाळीस.

बेचाळीस हा आकडा सभ्य दिसतो. दुसऱ्या दिवशी टपरीवरच एक्केचाळीस लिहिले. तिसऱ्या दिवशी त्रेचाळीस, म्हणजे खरं वाटावं. मग पुन्हा बेचाळीस. दोन आठवडे सरत आले तेव्हा पान इतकं देखणं झालं होतं की पहिल्या चार दिवसांचे आकडे त्यात दातांत अडकल्यासारखे दिसायला लागले. मी नवी वही आणली आणि सगळं सुवाच्य उतरवताना ते चारही सरळ केले.

माझी एवढीच इच्छा होती की ही वही घरात राहावी. पण वरच्या मजल्यावरच्या यमुताईंनी ती पाहिली. यमुताईंना एखादी गोष्ट कळली की आमच्या ले-आउटला, म्हणजे सगळ्या कॉलनीला, कळायला पाणी भरण्याएवढाही वेळ लागत नाही. संध्याकाळी चंद्रभान आले. हे गृहस्थ सरकारी इंजिनीअरांच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. निवृत्तीनंतरही बोलताना 'सदरहू' म्हणतात. त्यांनी गेटवर काळा फळा टांगला आणि खडूने लिहिलं: "धंतोली, ४२ मिनिटे. अकराची वेळ असणाऱ्यांनी ठीक १०:१३ ला निघावे."

ले-आउटमध्ये धंतोलीला न जाणारं घर नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळे ठीक दहा तेराला निघायला लागले. गेट एक, गल्ली अरुंद, त्यात चंद्रभानच्याच बांधकामाची रेती अर्ध्या रस्त्यावर. दहा तेराला चौदा गाड्या आणि सहा ऑटो एकदम गेटात शिरले की दहा पन्नासपर्यंत कोणी हलत नसे. कुल्फीवाला यायला लागला. यमुताई ऑटोत बसूनच गवार निवडायच्या. शेजारच्या गाडीतली मोनाली आणि पलीकडच्या गाडीतला पियुष असे चार दिवस खिडकीला खिडकी लावून अडकले आणि पाचव्या दिवशी दोन्ही घरच्यांनी गाडीतच मुलगी पाहण्याचा कार्यक्रम उरकला. पोहे कुल्फीवाल्याच्या बायकोने आणले. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

पण गंमत अशी, की फळा चुकला असं कोणी म्हणेना. "फळा बरोबर आहे जी, गेट लहान पडते," असं एकमत झालं. लिहिलेल्या गोष्टीवर लोकांचा किती विश्वास असतो, हे मला नोकरीत माहीत होतं. तो आपल्यावर उलटतो हे माहीत नव्हतं.

चंद्रभान म्हणाले, "रोग गेटात नाही, सक्करदऱ्याच्या चौकात आहे. सदरहू चौकात दिवा एकशे चाळीस सेकंद लाल राहते. तुमच्याजवळ पुरावा आहे. अर्ज करा."

"कशाला?" मी म्हणालो.

"काहून? वहिनींचा डोळा आहे ना जी! दिवा शंभरावर आला तर गुरुवारी मोकळा रस्ता भेटन."

डोळ्याचं नाव काढल्यावर मला नाही म्हणता येईना. पहिल्या कार्यालयात कळलं की खांब त्यांचा, दिवा त्यांचा नाही. दुसऱ्या कार्यालयात दिवा होता, पण सेकंद नव्हते. तिसऱ्या कार्यालयात सेकंद होते, पण ते ज्यांच्याकडे होते ते रजेवर होते. चौथ्यांदा एका तरुण, मऊ बोलणाऱ्या साहेबांपुढे मला बसवलं. त्यांनी पाणी दिलं. पाणी देणाऱ्या साहेबाची मला नोकरीपासून भीती वाटते.

त्यांनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला. "बेचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस... काका, असा डेटा आमच्याकडेसुद्धा नाही. हा रस्ता घड्याळासारखा चालतो!"

"पण तो लाल दिवा..."

"लाल दिव्यासकटच बेचाळीस ना? मग दिवा उत्तम आहे." ते पानं उलटत राहिले. "सगळ्या शहरात लोक म्हणतात, आज पोचू की नाही सांगता येत नाही. आणि इथे दोन आठवड्यांत एका मिनिटाचा फरक! हे आकडे तुम्ही स्वतः घेतले?"

ती वेळ होती. मी म्हणू शकलो असतो, की साहेब, चारच दिवस गेलो, बाकीचे दिवस कडुनिंबाखाली चहा प्यालो. पण त्यांनी मला 'काका' म्हटलं होतं, पाणी दिलं होतं, आणि टेबलापलीकडे दोन क्लार्क माझ्या अक्षराकडे आदराने पाहत होते.

"एकूणएक," मी म्हणालो आणि सही केली.

आठवड्याने चंद्रभान पेपर नाचवत आले. शेजारच्या मोठ्या रस्त्यावर नाल्याचं खोदकाम सुरू होणार होतं. तिकडची सगळी वाहतूक दुसऱ्या रस्त्याने वळवायची होती. कोणत्या? तर शहरात सर्वांत भरवशाचा असल्याचं आकडेवारीवरून सिद्ध झालेल्या रस्त्याने. आमच्या. मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारपासून.

"आदेशात तुमच्या वहीचा हवाला आहे!" चंद्रभानचे डोळे भरून आले होते. ले-आउटने शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. मी नको म्हणालो. त्यांना तो विनय वाटला.

आतून वच्छलेने विचारलं, "काय आहे जी आज पेपरात?"

"बिबट्या," मी म्हणालो. "कूलरसमोर झोपला होता म्हणे."

बुधवारी ती पुन्हा म्हणाली, "आज गोपिकाकडे जाऊ ना." तेव्हा तरी मी हो म्हणायला हवं होतं. पण हो म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं आणि कारण पेपरात होतं. मी म्हणालो, "बेचाळीस मिनिटं." आणि गुरुवारी सकाळी सव्वानऊलाच ऑटो दारात उभा करून सांगितलं, की बळीरामला आज घाई आहे.

सव्वानऊ म्हणजे जवळजवळ दोन तास हाताशी होते. ते कसे गेले याचं वर्णन करत नाही. मोठ्या रस्त्याची सगळी वाहतूक आमच्या रस्त्यावर आली होती आणि आमची होतीच. दहा वाजता आम्ही प्रेमानंदच्या टपरीपाशी होतो. दहा वीसला आम्ही प्रेमानंदच्या टपरीपाशीच होतो. प्रेमानंदने ऑटोत चहा आणून दिला. कप परत न्यायला आला तेव्हाही आम्ही तिथेच होतो.

बळीराम मागे वळून म्हणाला, "काकाजी, आजचे बेचाळीस लय लांबून राहिले."

वच्छला काळा चष्मा लावून, पदर ओला करून डोक्यावर घेऊन बसली होती. कसेबसे मेडिकल चौकाकडे सरकलो तेव्हा दहा चाळीस झाले होते. पुढे एक चौक होता, त्याचं नाव घेत नाही. त्याचा दोष नव्हता. चारी बाजूंनी गाड्या आत शिरून एकमेकींत नाक खुपसून उभ्या होत्या आणि मधे एकटी ट्रॅफिकवाली मुलगी चारही दिशांना एकाच हाताने थांबवत होती. तिच्या छातीवर 'काजल' अशी पाटी होती.

माझ्या खिशात कांद्याबरोबर माझी स्टँडवरची शिट्टी असते. निवृत्तीच्या दिवशी मी ती परत करायला विसरलो. वच्छलेकडे एकदा पाहिलं आणि मी उतरलो. चौतीस वर्षं मी याहून मोठ्या गाड्या याहून लहान जागेत लावल्या होत्या. चौकाच्या मध्ये गेलो, हात वर केला आणि दोनदा आखूड शिट्टी मारली.

आता स्टँडवर दोन आखूड शिट्ट्यांचा अर्थ एकच: 'येऊ दे मागे'. मोटारवाल्यांना तो माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते नुसते बघत राहिले. पण त्या चौकात एसटीच्या दोन बस अडकल्या होत्या. दोन्हींच्या ड्रायव्हरांनी आयुष्यभर ही शिट्टी ऐकली होती. त्यांनी आरशातसुद्धा न बघता, एकाच क्षणी, रिव्हर्स टाकला.

इतक्या शिस्तीत बस मागे येताना मी नोकरीत कधी पाहिल्या नव्हत्या. एक डावीकडून, एक उजवीकडून. चौकाच्या बरोबर मध्ये दोघींची पाठ पाठीला लागली आणि इंजिनं बंद पडली. त्या क्षणापर्यंत त्या चौकातून निदान सायकल जात होती.

एका पांढऱ्या गाडीची काच खाली झाली. आतले गृहस्थ ओरडले, "ओ काका! ती शिट्टी बंद करा! मला अकराला पोचायचंय!"

"सगळ्यांनाच पोचायचंय," मी म्हणालो. "शिस्तीत थांबा."

काजल माझ्यापुढे येऊन हात पसरून उभी राहिली. "शिट्टी आणा इकडे."

"पोरी, मी चौतीस वर्षं..."

"कोण लागून गेले तुम्ही? आणा म्हटलं ना!"

दोन बसचे प्रवासी, पांढरी गाडी, कुल्फीवाला (तो इथेही आला होता) यांच्यादेखत मी शिट्टी तिच्या तळहातावर ठेवली. परतलो तर वच्छला ऑटोतून उतरून उभी होती.

"चला," ती म्हणाली. "पायी."

मी छत्री धरली, तिने माझा दंड धरला. गाड्यांच्या मधून, फरशीचे गट्टू उखडलेल्या फुटपाथवरून, रेल्वेच्या पुलावरून आम्ही चालत राहिलो. दर दहा पावलांनी ती विचारी, "पुढे खड्डा आहे का?" आणि मी खरं सांगत होतो. पुलावर तिने विचारलं, "ते बेचाळीस मिनिटं. रोज गेलते ना जी तुम्ही?"

"रोज," मी म्हणालो. तिने दंडावरची पकड सैल केली नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा बावन्न झाले होते.

पायलने वर पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. "गैरहजर आले काकाजी. जूनचा पहिला गुरुवार."

"पोरी, जूनपर्यंत हिचा डोळा राहणार नाही."

"माह्या हातात नाही. अकरा दहाले सिस्टीम बंद करते."

मी आत डोकावलो. डॉक्टरांची खुर्ची रिकामी होती. बाकांवर वीसेक माणसं डोळ्यांत थेंब घालून छताकडे तोंड करून बसली होती.

"डॉक्टर तर आलेलेच नाहीत!"

"आले ना. सिस्टीममध्ये अकराले आले. हे पाहा, डॉक्टर हजर, अकरा वाजता."

"पण दिसत तर नाहीत कुठे!"

पायल खुर्चीत मागे टेकली. "मंग? तुमची बस तरी कुठे दिसून राहिली होती?"

मला कळेना. तिने ड्रॉवरमधून आमचा मार्चमध्ये भरलेला फॉर्म काढला आणि माझ्यासमोर ठेवला. माझं सुवाच्य अक्षर. "मार्चमध्येच ओळखलं. असं अक्षर मी एकदाच पाहिलं होतं, तक्रारवहीत." आणि डोळे मिटून, पाढा म्हटल्यासारखं तिने म्हटलं, "रजिस्टर तपासले. रजिस्टरप्रमाणे सदर बस वेळेवर सुटलेली आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे." मग डोळे उघडले. "बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं काकाजी. त्या स्टँडवर मी साडेनऊपर्यंत उभी होती. पुढच्या वर्षी बाबांनी बसवलं नाही परीक्षेला."

बाकावरची माणसं छताकडे बघत ऐकत होती. वच्छलाही ऐकत होती. तिचा हात अजून माझ्या दंडावर होता.

माणूस आयुष्यात किती वेळा थाप मारतो याचा हिशेब नसतो. खरं बोललेल्या वेळा मात्र लक्षात राहतात. माझी ती पहिलीच. मी म्हणालो, "ती बस त्या दिवशी सुटलीच नव्हती. डेपोतून निघालीच नव्हती. मी सकाळी सहालाच 'सुटली' लिहून ठेवलं होतं. तू पानभर लिहिलंस ते मी धड वाचलंसुद्धा नाही, खाली उत्तर लिहायला जागा किती उरली तेवढीच पाहिली." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढेही बोललो. "वहीतले बेचाळीसही खोटे आहेत. चार दिवस गेलो. बाकीचे टपरीवर बसून लिहिले. आजचा हा सगळा खोळंबा त्या वहीने केलाय."

बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "अरे बाप्पा."

पायल वच्छलेला म्हणाली, "काकू, यांच्यासंगं तुम्ही कशा राहून राहिल्या इतके वर्षं?"

"दिसत नव्हतं ना वं," वच्छला म्हणाली.

पायल हसली नाही. तिने कीबोर्ड पुढे ओढला. "डॉक्टर सकाळी उमरेडले शिबिर करून येतात. तुमच्याच रस्त्यानं. एका चौकात कोणी पागल शिट्टी वाजवून राहिला म्हणे, तिथे अडकले. मले फोनवर सांगितलं, सिस्टीममध्ये अकरा टाक." ती टाइप करत होती. "मी दर वेळेस टाकते असं. नोकरी आहे. तुम्हाले शिव्या देत देत टाकते." शेवटची कळ तिने जोरात दाबली. "काकू हजर. अकरा दहा. रजिस्टरप्रमाणे वेळेवर. बसा तिकडे. तुम्ही नाही काकाजी, तुम्ही बाहेर."

डॉक्टर साडेबाराला आले. घामाने निथळत होते. दारात मला पाहून थबकले, काही बोलणार होते, पण मी वॉचमनच्या मागे झालो. वच्छलेला इंजेक्शन मिळालं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण इंजेक्शन लागू पडलं. आठवड्याने वच्छलेला मथळे दिसायला लागले, वीस दिवसांनी बारीक टाइप. मे संपता संपता एका सकाळी तिने माझ्या हातातून पेपर घेतला, खिडकीपाशी बसली आणि मोठ्याने वाचायला लागली.

"एका ज्येष्ठ नागरिकाने स्वखुशीने संकलित केलेल्या आकडेवारीच्या आधारे, वाहतूक वळवण्याची मुदत आणखी सहा महिने वाढवण्यात आली आहे. सदर रस्ता अत्यंत भरवशाचा असल्याचे संबंधितांचे मत आहे." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बिबट्याचं काहीच नाही जी यात."

मी सांगायला गेलो होतो, बरं का. त्या मऊ साहेबांना म्हणालो, आकडे खोटे आहेत. त्यांनी पाणी दिलं, वही काढली आणि माझी सही दाखवली. म्हणाले, "काका, वयात असं होतं. विसरायला होतं. लेखी आहे ना, मग काळजी करू नका."

दुसऱ्या इंजेक्शनसाठी जूनच्या पहिल्या बुधवारी वच्छलेने पिशवी भरली. डोळ्याचे थेंब, एक साडी, आणि वरती माझी पहिली, कच्ची वही.

"वही कशाला?"

"गोपिकाले वाचून दाखवते म्हटलं. लय दिवसांची हसली नाही ते." आणि बळीरामच्या ऑटोत बसून ती रामदासपेठेला निघून गेली. एक दिवस आधी, आरामात, कुठलीही घाई न करता.

गुरुवारी सकाळी निदान दवाखान्यात तिच्याबरोबर असावं म्हणून मी आठलाच स्कूटर काढली. दहा चाळीसला फोन वाजला.

"कुठे आहात जी?" वच्छलेने विचारलं. मागून गोपिकाचा आवाज येत होता.

मी समोर पाहिलं. दिवा लाल होता. प्रेमानंद चहाचा कप घेऊन माझ्याकडेच येत होता. त्याच्या मागे कुल्फीवाला होता.

"किती वेळ लागन जी?"

"बेचाळीस मिनिटं," मी म्हणालो.

तिकडे दोघी हसल्या. फोन बंद केला तरी मला ऐकू येत होतं.